न्यू प्रकाश

स्पर्धेचा विषय: तुमच्या गावातला एखादा धंदा घ्या,
त्याला नवा चेहरा द्या.
ए-थ्रीच्या चार शीट, पुढच्या शुक्रवारपर्यंत.
यवतमाळहून शेवटच्या एसटीनं बोरीला आले
आणि सकाळीच उकंडराव चिरड्यांच्या गोदामात
सतरंज्यांच्या थप्पीवर लॅपटॉप उघडून बसले.

बाहेर भिंतीवर, चुन्यावर निळीनं:
न्यू प्रकाश बिछायत केंद्र.
खाली एक झुंबर, जे त्यांच्याकडे कधीच नव्हतं,
आणि फोन नंबर, ज्याचे शेवटचे दोन आकडे
भिंत संपली म्हणून कोपऱ्यावरून वळून
शेजारच्या बोळीत गेलेले.

मी आधी 'न्यू' खोडला.
सर म्हणतात, कमी करा, अजून कमी करा.
'प्रकाश' एकटा ठेवला, बारीक अंगाचा,
भोवती एकरभर मोकळी जागा.
'श'चा काना ताणून त्याचा खांब केला,
शिरोरेषेची कनात.
रंग दोनच: वाळल्या तुराटीचा आणि राखेचा.
माझं मलाच इतकं आवडलं
की स्क्रीन त्यांच्याकडे फिरवताना हात हलला.

उकंडरावांनी चष्मा शर्टाला पुसला, दोनदा.
"न्यू कुठी गेला?"
म्हटलं, काका, एक्क्याऐंशीपासून न्यू आहे,
आता जुना झाला तो.
"जुना प्रकाश माह्या भावाचा हाय.
न्यू काढला तं दुकान त्याचं होते, माय."
आणि उठून ते खुर्च्या मोजायला गेले,
कालच मोजलेल्या.

उरलेलं पर्वताकाकूंनी सांगितलं, मागच्या दारी,
कोपरापर्यंत राखेत:
"वाटणीत गंज वाटले, पराती वाटल्या,
झारे पंधरा निघाले.
पंधरावा अजून कोनाकडंच नाही, तिथी टांगला हाय, पाह्य.
भांड्याइले पह्यलेपासून दोन ठोके होते.
मंग आमच्या वाट्याच्या भांड्याइवर
म्या तिसरा मारला. खिळ्यानं.
लग्नात चार जागची भांडी येतात, पोरी.
रातच्या अंधारात, हात भरलेले,
नाव कोन वाचते?"
आणि माझा अंगठा धरून
गंजाच्या बुडाशी नेला.
एक. दोन.
आणि जरा लांब, जरा खाली,
जोरात बसलेला तिसरा.

सगळ्या शीट फेकल्या.
गंज मांडीवर घेऊन यवतमाळला गेले,
कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं.
तीन ठोके कागदावर घासून घेतले, पेन्सिलनं,
लहानपणी नाणं घासायचो तसे.
चमच्याच्या दांड्यावर तीन ठोके,
टेम्पोच्या फाळक्यावर तीन ठोके,
कनातीवर माणसाएवढे,
आणि चौथ्या शीटवर 'न्यू', पूर्वीच्याच निळीत.

नागपूरहून आलेल्या परीक्षक मॅडम
बराच वेळ थांबल्या, हे खरं.
मग म्हणाल्या, गोष्ट छान आहे,
पण यात तुझं डिझाइन कुठं आहे?
आणि तिसरा ठिपका ग्रिडमध्ये का नाही?
उत्तर होतं माझ्याकडे.
पण ते वऱ्हाडीत होतं.
मी म्हटलं, सॉरी मॅडम.

पहिलं बक्षीस दिग्रसच्या पानठेल्याला
'लीफ अँड कंपनी' करणाऱ्या पोराला.
त्याचं काम चांगलंच होतं, खोटं कशाला बोलू.
हिरवा रंग असा, की तोंडाला पाणी सुटावं.

नवव्या दिवशी गंज परत केला.
उकंडरावांनी तो उलटा धरला,
माझ्याकडे न पाहता बुडावर अंगठा फिरवला,
वही काढली:
गंज एक. दिवस नऊ.
"नव्वद झाले."
काका, भाडं?
"मंग? बिछायत हाय ना हे."
मी पर्स चाचपत होते
तेव्हा भिंतीकडे पाहत म्हणाले,
"नंबर तेवढा एका रेषेत घेऊन देशीन
तं दहा सोडतो."